पंचवीस डुकाटांचं घोडं

‘युरोपा युनिव्हर्सालिस फोर’ या संगणकावरच्या खेळातली माझी पहिली मोठी मोहीम विजयनगरची होती. खेळ सुरू होतो ११ नोव्हेंबर १४४४ ला. तेव्हा हंपीच्या गादीवर देवराय दुसरा, उत्तरेला बहामनी सुलतान, आणि आपण मराठी माणूस, त्यामुळे डोक्यात घोडदळ. मी फौज उभी केली १२ पलटणी घोडदळ आणि १२ पलटणी पायदळ. इथे एक पलटण म्हणजे हजार माणसं, म्हणजे २४ हजारांची फौज. समोरून बहामनींची २० हजारांची आली. आकडा आपल्या बाजूने होता म्हणून मी निवांत चहा घेत बसलो. चहा संपायच्या आत माझी फौज पळत सुटली होती.

पराभवाचं कारण लढाईच्या खिडकीत लाल अक्षरात लिहिलेलं होतं, मी ते वाचलंच नव्हतं. घोडदळाला पुरेसा पायदळाचा आधार नाही, सबब डावपेचांत २५ टक्के घट. बहुतेक राज्यांना घोडदळाची मर्यादा ५० टक्के असते. माझं प्रमाण बरोबर ५० होतं, पण लढाई सुरू होताच पायदळातली माणसं पडायला लागली, घोडदळाचा टक्का ५० च्या वर सरकला आणि दंड लागला. म्हणजे काठावर पास होऊन चालत नाही, हातात थोडी शिल्लक ठेवावी लागते.

हा लेख त्या लाल अक्षरांच्या मागे काय असतं त्याबद्दल आहे. राज्याची धोरणं आणि फौजेची रचना या खेळात वेगवेगळ्या पानांवर दिसतात, म्हणून नवा खेळाडू त्यांना वेगळं समजतो. प्रत्यक्षात दुसरी पहिलीतूनच निघते, आणि फार उशिरा निघते.

ज्यांनी खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्टॉकहोमच्या पॅराडॉक्स कंपनीने हा २०१३ मध्ये आणला. जगाचा नकाशा, त्यावर शेकडो राज्यं, १४४४ ते १८२१ असा काळ. तुम्ही राजा नसता. राजे येतात, मरतात. तुम्ही राज्य असता. जिंकण्याची अशी एकच अट नाही. २०१८ च्या सप्टेंबरात ‘धर्मा’ नावाचा भाग आला तेव्हा भारताचा नकाशा आणि इथली राज्यं बरीच भरीव झाली. मराठी संस्कृतीच्या छोट्या राज्यातून पुढे मराठा राज्य घडवताही येतं, आणि आपल्यापैकी बहुतेकजण तिथूनच या व्यसनात पडतात.

आता पैशांपेक्षा महत्त्वाची गोष्ट. खेळात डुकाट हे नाणं असतं, पण खरं चलन आहे ते राजाच्या गुणांचं. ते तीन प्रकारचं: प्रशासकीय, राजनैतिक आणि लष्करी. प्रत्येक प्रकारात महिन्याला ३ गुण काहीही न करता मिळतात. त्यात राजाची कुवत मिळवायची, ती ० ते ६. त्यात पगारी सल्लागाराचे १ ते ५. बस्स. लष्करी गुणांतूनच लष्करी तंत्रज्ञान घ्यायचं, त्यातूनच सेनापती नेमायचा (५० गुण), त्यातूनच तटाला खिंडार पाडायचं, त्यातूनच बंडखोरांना दाबायचं. आणि त्यातूनच लष्करी धोरणांचे गट विकत घ्यायचे.

या गटांना खेळात आयडिया ग्रुप म्हणतात. प्रशासकीय, राजनैतिक, लष्करी अशा तीन जाती, प्रत्येक गटात ७ पायऱ्या, प्रत्येक पायरीला साधारण ४०० गुण. म्हणजे पूर्ण गट २,८०० गुणांचा. यातले लष्करी गट साधारण असे ओळखा: क्वालिटी म्हणजे थोडी पण कसलेली फौज, क्वांटिटी म्हणजे संख्या, ऑफेन्सिव्ह म्हणजे चांगले सेनापती आणि झटपट वेढे, डिफेन्सिव्ह म्हणजे मनोधैर्य आणि शत्रूला आपल्या मुलखात झिजवणं. आणखीही आहेत, पण सुरुवातीला या चारांतच माणूस अडकतो.

गणित करून बघा. राजाची लष्करी कुवत ३, सल्लागार २ चा. मग महिन्याला ८ गुण, वर्षाला ९६. लष्करी तंत्रज्ञानाची एक पायरी साधारण ६०० गुणांची, आणि शेजाऱ्यांच्या मागे पडायचं नसेल तर सरासरी दर १२ वर्षांनी एक घ्यावी लागते. म्हणजे वर्षाचे ५० गुण तिकडेच गेले. उरले ४६. त्या हिशेबाने एक लष्करी गट पूर्ण व्हायला ६० वर्षं लागतात. राजाची कुवत ३ ऐवजी १ असेल तर? वर्षाला ७२, उरले २२, आणि गट पूर्ण व्हायला सव्वाशे वर्षं! मंद राजा दीर्घायुषी निघाला की खेळाडू आपल्याच राजाला सेनापती करून पुढच्या रांगेत का धाडतात, ते यावरून कळावं.

म्हणून १५५० साली जी फौज मैदानात उभी आहे, तिचा निर्णय १४९० च्या सुमारास झालेला असतो. माझ्या विजयनगरने तेव्हा काय घेतलं होतं? व्यापाराचा गट आणि सागरी शोधांचा गट. छान पैसा आला. त्या पैशात मी आणखी घोडी घेतली.

दोन गट पूर्ण झाले आणि ते वेगवेगळ्या जातीचे असले, तर त्यांच्या जोडीतून एक धोरण उघडतं. यालाच खेळात पॉलिसी म्हणतात. ठळक उदाहरण म्हणजे इकॉनॉमिक आणि क्वालिटी. खजिना नीट चालवणारं राज्य आणि कसलेली फौज यांची जोडी जमली की ५ टक्के शिस्त मिळते. प्रत्येक जातीतलं पहिलं धोरण फुकट, त्यापुढच्याला महिन्याला १ गुण. १ गुण ऐकायला किरकोळ वाटतो. ५० वर्षांत ६०० होतात, म्हणजे तंत्रज्ञानाची एक अख्खी पायरी. शिवाय एकदा लागू केलेलं धोरण १० वर्षं मागे घेता येत नाही. युद्धापुरतं लावू आणि तह झाला की काढू, हा हिशेब चालत नाही.

आणि म्हणूनच ‘सगळ्यात चांगला लष्करी गट कोणता’ हा प्रश्न मला अर्धवट वाटतो. गट एकटा नसतो. नुसती क्वालिटी आणि इकॉनॉमिकसोबतची क्वालिटी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि इकॉनॉमिक घेण्याचे गुण प्रशासकीय खिशातून येतात, जिथून नवे प्रांत पचवण्याचाही खर्च निघतो. शिस्त हवी तर विस्तार थोडा मंदावणार.

या ५ टक्क्यांचं एवढं काय कौतुक, असं वाटेल. शिस्त दोन्हीकडून काम करते. आपण मारतो ते ५ टक्क्यांनी वाढतं, आणि डावपेचांतून आपलं नुकसानही जवळपास तेवढंच घटतं. दोन्ही गुणले की साधारण १० टक्के फरक. मनोधैर्य ही वेगळी गोष्ट: माणसं किती मरतात यापेक्षा फौज किती वेळ मैदान धरून राहते ते त्यावर ठरतं. म्हणून खेळात कितीदा असं होतं की हरलेल्या बाजूची माणसं कमी मेलेली असतात. लढाई हरली, फौज शाबूत.

आता प्रत्यक्ष मैदान. फौज दोन रांगांत उभी राहते. किती रुंद, ते लष्करी तंत्रज्ञान ठरवतं. सुरुवातीला साधारण २० पलटणी, शेवटी ४०. लढाई आळीपाळीने चालते: तीन दिवस मारगिरी (लांबून मारा), तीन दिवस भिडाभिडी (जवळून हातघाई). प्रत्येक टप्प्यात ० ते ९ फासा पडतो, त्यात सेनापतीचं कौशल्य आणि जमीन यांची बेरीज-वजाबाकी होते. डोंगरावर चढून हल्ला केलात तर २ वजा, जंगलात किंवा टेकड्यांत १ वजा, नदी ओलांडून गेलात तर आणखी १ वजा.

सुरुवातीच्या शतकात भिडाभिडीचा टप्पा भारी असतो, म्हणून घोडदळ चमकतं. त्याचा खरा उपयोग मात्र टोकांना: समोरच्याची रांग आपल्यापेक्षा आखूड असली की टोकाचं घोडदळ तिरकं वळून बाजूने मारतं. रांगा सारख्या असल्या तर घोडं फक्त महागडं पायदळ. पायदळाची पलटण १० डुकाटांना, घोडदळाची २५ ला, तोफखान्याची ३० ला. माझ्या त्या १२ घोडदळाच्या पलटणींना ३०० डुकाट पडले होते, तेवढ्यात पायदळाच्या ३० आल्या असत्या. दोन्ही टोकांना दोन-दोन, फार तर तीन-तीन घोडदळाच्या पलटणी पुरतात. हे समजायला मला दोन मोहिमा लागल्या, कारण मन मानत नव्हतं.

तोफा लष्करी तंत्रज्ञानाच्या ७ व्या पायरीवर येतात. तेव्हा त्या वेढ्यापुरत्याच कामाच्या, चार-पाच ठेवाव्यात. १६ व्या पायरीपासून चित्र पालटतं. मागच्या रांगेत उभा असलेला तोफखाना गोळे टाकतोच, शिवाय आपल्या पुढे उभ्या असलेल्या पलटणीला स्वतःच्या बचावाचा अर्धा वाटा देतो. म्हणजे मागची रांग रिकामी ठेवणं हा गुन्हा. त्या सुमाराला रांगेची रुंदी ३० होते, तर पुढे ३० आणि मागे ३० तोफा, असं पूर्ण ताट वाढायचं. ३० तोफा म्हणजे ९०० डुकाट, आणि महिन्याचा पगार वेगळा. पण पुढचं पायदळ मेलं आणि जागा भरायला राखीव नसलं तर तोफा पुढे ओढल्या जातात, आणि पुढच्या रांगेतली तोफ दुप्पट मार खाते. म्हणून पायदळ रांगेपेक्षा जास्तच लागतं.

आणि इथे क्वांटिटीवाले हसतात. समजा तुमचं कमाल मनुष्यबळ ३० हजार. ते रिकामं झालं तर भरायला १० वर्षं लागतात, म्हणजे महिन्याला २५० माणसं. आता २० हजारांची फौज अशा प्रांतात नेऊन उभी करा जिथे तेवढ्यांना दाणागोटा नाही. झीज महिन्याला ५ टक्क्यांपर्यंत जाते, म्हणजे पहिल्या महिन्यातच हजार माणसं गेली, एकही बाण न सुटता. चार महिन्यांची भरती एका महिन्यात. कसलेली फौज असली तरी तापाने आणि उपासमारीने ती तितकीच मरते. उपाय जुनाच आहे: चालताना विखरून चालायचं, लढताना एकत्र यायचं.

या दोन टोकांची खरी उदाहरणं युरोपात शेजारी-शेजारी आहेत. प्रशियात फ्रेडरिक विल्यम पहिल्याने १७३३ मध्ये प्रत्येक रेजिमेंटला भरतीसाठी एकेक परगणा नेमून दिला. १७४० मध्ये तो गेला तेव्हा जेमतेम सव्वादोन दशलक्षांच्या राज्याकडे ८० हजारांची फौज होती. रशियात पीटरने १७०५ पासून दर २० घरांमागे एक रंगरूट घ्यायला सुरुवात केली. १७०० साली नार्वाला स्वीडनच्या छोट्या, कसलेल्या फौजेने त्याचा धुव्वा उडवला होता. १७०९ मध्ये पोल्टाव्हाला तीच फौज दमलेली, थंडीने आणि लांबच्या कूचाने झिजलेली आली आणि संपली. खेळात प्रशिया घेणाऱ्याला हा धडा रशियाच्या पहिल्या हिवाळ्यात मिळतो.

पण मला या सगळ्यात जास्त रमायला होतं ते आपल्या इतिहासापाशी, कारण धोरणातून फौज कशी घडते याचा इतका स्पष्ट नमुना क्वचित दिसतो. शिवाजी महाराजांच्या घोडदळात दोन तऱ्हा होत्या. शिलेदाराचं घोडं स्वतःचं, बारगिराचं सरकारी पागेतलं. बखरकार सभासदाने पागेची रचना नोंदवली आहे: २५ बारगिरांवर हवालदार, ५ हवालदारांवर जुमलेदार, १० जुमल्यांवर हजारी. महाराजांनी जोर पागेवर ठेवला, शिलेदार पागेच्या हुकमतीखाली ठेवले आणि जहागिरीऐवजी रोख पगार दिला. खेळाच्या भाषेत ही महागडी, केंद्राच्या मुठीतली फौज. राजारामांच्या काळात मोगलांशी जीवन-मरणाची झुंज सुरू असताना केंद्राकडे रोख उरली नाही, आणि मुलूख तोडून देणं भाग पडलं. त्यातून पुढे सरंजाम पक्का झाला. जो सरदार मुलूख मिळवेल तो तिथल्या उत्पन्नावर पथक बाळगेल. विस्तार झपाट्याने झाला, अटकेपर्यंत झाला. पण पथकं घोडदळाची, कारण सरदाराला दूरच्या मुलखात चौथ वसूल करायला घोडंच लागतं, तोफ काय कामाची!

मग १७६० मध्ये उदगीरला निजामाविरुद्ध इब्राहिमखान गारद्याचं कवायती पायदळ आणि तोफखाना उपयोगी पडला, आणि भाऊसाहेब त्याला घेऊन उत्तरेत गेले. मल्हारराव होळकर गनिमी काव्याच्या बाजूचे, भाऊ गोलाच्या, म्हणजे सगळी फौज एका बांधीव रचनेत ठेवून करायच्या लढाईच्या बाजूचे. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर गारद्यांनी रोहिल्यांची दाणादाण उडवली. पण काही घोडेस्वार पथकं गोल सोडून पुढे गेली आणि ती गारद्यांच्या तोफांच्या माऱ्याच्या आड आली. त्याआधी अडीच महिने छावणीची रसद तुटलेली होती. मी जेव्हा जेव्हा लढाईच्या खिडकीत ती लाल अक्षरं बघतो, ‘पायदळाचा आधार अपुरा’, तेव्हा हेच आठवतं. भाऊसाहेबांनी रचना बदलली. तिच्यामागचं धोरण बदलायला वेळच नव्हता. पायदळ भाड्याने एका वर्षात मिळतं, पण घोडदळाच्या सरदारांनी पायदळाभोवती लढायची सवय एका वर्षात मिळत नाही.

ती चूक नीट वाचली महादजी शिंद्यांनी. १७८४ पासून बेन्वा द बॉइन या युरोपीय अधिकाऱ्याच्या हाताखाली कंपू, म्हणजे कवायती पलटणींचे ब्रिगेड, उभे राहिले, आणि मुख्य म्हणजे त्यांच्या पगारासाठी दुआबातला मुलूख वेगळा काढून दिला. पगार वेळेवर, म्हणून शिस्त. इकॉनॉमिक आणि क्वालिटीची जोडी हीच, नाव तेवढं वेगळं. १७९० मध्ये पाटण आणि मेडता इथे राजपूत घोडदळ या पलटणींवर येऊन फुटलं.

आणि तरी १८०३ ला जालना जिल्ह्यातल्या असईला काय झालं? इंग्रज सेनापती वेलस्लीकडे जेमतेम सात हजारांच्या आसपास माणसं. शिंद्यांच्या बाजूला कित्येक पटींनी जास्त, आणि शंभराच्या आसपास तोफा. वेलस्ली केळणा नदी ओलांडून आला. खेळात याला १ वजा. पण खेळात एक बारीक नियम आहे: हल्लेखोर सेनापतीची हालचालीची कुवत समोरच्यापेक्षा जास्त असेल तर नदीचा दंड माफ. वेलस्लीने समोरासमोरची दोन गावं बघून तिथे उतार असणारच असा तर्क केला आणि खाली सरकून तिथून पार झाला. शिंद्यांच्या कवायती पायदळाचा सेनापती पोलमन, त्याने अख्खी रांग काटकोनात वळवली, जे फक्त कवायती फौजेलाच जमतं. तोफांनी इंग्रजांची दीड हजारांहून जास्त माणसं मारली किंवा जखमी केली. तरीही मैदान त्यांच्याकडे गेलं. अनेक गोरे अधिकारी लढाईआधीच शिंद्यांना सोडून गेले होते, आणि हा आकडा खेळाच्या कुठल्याच खिडकीत दिसत नाही.

खेळाच्या उणिवाही आहेतच. सह्याद्रीतले शेकडो किल्ले इथे प्रांतागणिक एका चिन्हात बसवले आहेत. चौथाई ही एक तळटीप होऊन बसते. गनिमी कावा तर माणसाला स्वतःच्या बोटांनी खेळावा लागतो: डोंगरात माघार घ्या, शत्रूला झिजू द्या, तुटका तुकडा दिसला की झडप घाला. हे मात्र खेळात खरंच चालतं, आणि त्यासाठी एकही गुण मोजावा लागत नाही.

सध्या माझी मराठ्यांची मोहीम १६११ सालात आहे. क्वालिटी पूर्ण झालंय, इकॉनॉमिकच्या दोन पायऱ्या बाकी. राजाची लष्करी कुवत ४, पण वारसाची १, त्यामुळे युवराजांना सेनापती करून वेढ्यावर पाठवलंय, बघू. पुढच्या रांगेत पायदळ, मागची रांग तोफांनी निम्मी भरलीय, कर्ज दोन. घोडदळ सहा पलटणी. हिशेबाने चारच हवेत, पण तेवढं राहू दे.